विश्लेषण : घरगुती कॅम्पिंग ट्रेलरला एसी बसवावा का?

वेरूळ, अजिंठा, लोणार, म्हैसमाळ ही ठिकाणे छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघून गाठण्याजोगी आहेत. मुक्कामासाठी गाडीमागे जोडायचा, दोघांना झोपता येईल एवढा ‘टिअरड्रॉप’ ट्रेलर स्वतःच बनवावा, अशी हौस हल्ली काहींना असते. पाण्याच्या थेंबासारखा हा आकार १९३०च्या दशकात अमेरिकेत रुजला. लोखंडी सांगाडा, वर प्लायवूड आणि पत्रा. मराठवाड्यातील मे महिना डोळ्यांसमोर आला की पुढचा प्रश्न ठरलेला : यात एसी कुठला बसवायचा? खरे तर आधी विचारायला हवे, की त्याला वीज कुठून मिळणार?

गणित कुठे बिघडते?

आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच डब्यात जेमतेम चार घनमीटर हवा मावते. पाऊण टनाचा विंडो एसी तिथे गरजेपेक्षा मोठाच ठरतो. तो साधारण ८०० वॉट वीज घेतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत सव्वा युनिटच्या आसपास वीज असते. म्हणजे कॉम्प्रेसर सलग चालला तर दीड तास. रात्रभरात तो निम्मा वेळ बंद राहिला तरी तीन युनिट सहज लागतात. छतावर २०० वॉटची दोन सौर पॅनेल बसली, तरी दिवसाकाठी दीड-दोन युनिटच हाती येतील. त्यासाठी ट्रेलर दिवसभर उन्हात उभा करावा लागेल, आणि आत गारवा हवा तर तो झाडाखाली हवा! शिवाय घरगुती एसी रस्त्यावरच्या हादऱ्यांसाठी बनलेला नसतो. त्याचे पंचवीस-तीस किलो वजन आणि मागून निघणारी गरम हवा यांचीही सोय लावावी लागते.

जनरेटर लावला तर?

इथे प्रश्न जिवाचा होतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत आढळले. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचे नंतरच्या तपासणीत पुढे आले. या वायूला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. ती गाडी तर चांगली मोठी होती. चार घनमीटरच्या डब्याला चिकटवलेला जनरेटर म्हणजे आपणहून ओढवलेले संकट. वीज जोडणीवरचा एसीही बहुतांशी आतलीच हवा फिरवतो. त्यामुळे गारवा टिकवण्यासाठी सगळ्या फटी बुजवणाऱ्यांनी दोन झरोके कायम उघडे ठेवलेच पाहिजेत.

मग उकाड्याचे काय?

संभाजीनगरकरांना उत्तर ठाऊक आहे. एसीच्या जाहिरातींमुळे ते मागे पडले, इतकेच. इथला एप्रिल-मे कोरडा असतो, म्हणून घरोघरी कूलर चालतो. १२ व्होल्टचा पंखा, छोटा पंप आणि वाळ्याची जाळी एवढ्यावर ट्रेलरचा कूलर होतो. सगळे मिळून ६० वॉट धरले तरी आठ तासांत अर्धा युनिट, म्हणजे वरच्याच बॅटरीत दोन रात्री. कूलरला खिडकी उघडी लागते, त्यामुळे ताजी हवा आपोआप येते. पाऊस सुरू झाल्यावर कूलर निकामी होतो हे खरे, पण तेव्हा बहुतेक रात्री नुसता पंखा पुरतो. त्याआधीचे काम मात्र टाळू नये : प्लायवूडच्या दोन थरांत इंचभर थर्माकोल, छताला पांढरा रंग आणि वर वीतभर अंतर सोडून ताणलेली ताडपत्री. हे न करता बसवलेला कूलर काय किंवा एसी काय, तापलेल्या पत्र्याशीच झुंजत राहणार.

एसी हवाच असेल, तर तो मुक्कामाच्या जागी वीज जोडणी मिळेल तिथेच चालवावा. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच असल्याने त्याची नोंदणी लागते, हे वेल्डिंगला हात घालण्याआधी आरटीओत विचारून घेतलेले बरे. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यात पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. वेरूळ-अजिंठ्याच्या पायथ्याशी अशा जागेत दहा ट्रेलरपुरते अर्थिंगसह १५ अँपिअरचे पॉइंट आणि युनिटप्रमाणे आकारणी एवढे झाले, तरी जनरेटर सोबत नेण्याचे कारण उरणार नाही.