उभं राहा म्हटलं की

“एससी, एसटीच्या मुलांनी उभं राहा.” शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस आले की काही वर्गांत हे अजूनही ऐकू येतं. गुरुजींच्या मनात वाईट काही नसतं. वरून माहिती मागवलेली असते, आजच पाठवायची असते. पण तिसरीतलं पोर उभं राहतं, बाकीची वळून बघतात आणि मधल्या सुट्टीत कुणीतरी विचारतंच, “तू का रे उभा राहिलास?” पुस्तकातला समतेचा पाठ यायच्या आधीच हा पाठ पक्का झालेला असतो.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. राज्यभर तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो, भाषणं होतात. बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय, की बसायचं गोणपाट रोज घरून न्यावं लागे आणि शिपाई नसला तर पाणी मिळत नसे. धडे सगळ्यांना तेच होते. भेद होता तो बसण्यात आणि पिण्यात. म्हणूनच अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एकत्र बसवण्याचा शाहू महाराजांचा १९१९ चा निर्णय मला फार मोठा वाटतो.

आजच्या शाळेत हे सगळं बघायचं तर खिचडीच्या वेळेला जावं. १९९५ मध्ये पोषण आहार योजना आली तेव्हा आपल्याकडे मुलांना महिन्याचा तांदूळ घरी मिळायचा. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला आणि पुढे तोच तांदूळ शाळेत शिजू लागला. पिशवीतला तांदूळ ज्याच्या त्याच्या घरी जायचा. ताटातला भात पंगतीत, मांडीला मांडी लावून खावा लागतो. तिथे वाढायला कोण उठतं, बादली कुणाच्या हातात असते, सांडलेलं कोण पुसतं, हे बघावं. झाडू मुलींकडे आणि बाक उचलायला मुलगे, अशी वाटणी कुणी शिकवलेली नसते, तरी मुलांना ती तोंडपाठ असते. काही शाळांत वाढपी हजेरीच्या क्रमाने ठरतात, झाडूही त्याच क्रमाने फिरतो. अशा शाळेत पाटलाचा नातू ऊसतोडणी कामगाराच्या मुलीला “अजून घेणार का?” असं सहज विचारतो. मूल्यशिक्षणाच्या तासाला हे जमत नाही.

मुलांना वेगळं काढायचं काम गणवेशही करायचा. कित्येक वर्षं सरकारी शाळांत तो सगळ्या मुलींना मिळे, मुलग्यांत मात्र अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्यांनाच. वाटपाच्या दिवशी अख्ख्या वर्गाला कोण कोणातला ते कळायचं. २०२३-२४ पासून राज्याने तो आठवीपर्यंतच्या सगळ्यांना द्यायचं ठरवलं. उशिरा झालं, पण झालं ते चांगलं झालं.

शिष्यवृत्तीच्या अर्जांची पद्धत बदलायला तर पैसाही लागत नाही. प्रत्येक मुलाची जात जनरल रजिस्टरमध्ये प्रवेशाच्या वेळीच लिहिलेली असते. अर्ज भरताना ते रजिस्टर ऑफिसात उघडावं, यादी तिथेच करावी आणि पालकांना निरोप धाडावा. वर्गात कुणालाही उभं करू नये.