घर आपले, किल्ली परक्याची

२०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. जळगाव जामोद वा लोणार येथील विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, महाविद्यालयाच्या खिडकीची जागा घरातील राउटर नामक लहानशा पेटीने घेतली. ऐन अर्जाच्या दिवसांत ही पेटी रुसली तर काय करावयाचे, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक राहिलेला नाही.

पुष्कळदा यंत्र धडधाकट असते, दिवेही लुकलुकत असतात. कोणीतरी सेटिंगमध्ये फेरफार केलेला असतो आणि तो सुधारण्यासाठी आत शिरता येत नाही, इतकेच. बहुतेक कुटुंबांना एकच पासवर्ड ठाऊक असतो. वस्तुतः किल्ल्या तीन असतात. पहिली वाय-फायची; ती आपण पाहुण्यालाही देतो. दुसरी राउटरच्या व्यवस्थापनाची. सेटिंग बदलण्याचा अधिकार तिच्यापाशी. तिसरी जोडणीच्या खात्याची. अनेक जोडण्यांत हे नाव व पासवर्ड राउटरमध्ये भरल्याखेरीज इंटरनेट सुरूच होत नाही. पहिली किल्ली ग्राहकाच्या हाती पडते; उरलेल्या दोन बहुधा जोडणी करून देणाऱ्याच्या वहीत राहतात.

उपाय तसा अवघड नाही. संगणक वायरने राउटरला जोडावा. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर त्याचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, आणि मूळ पासवर्ड छापलेला असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा. पत्ते वाटण्याचे राउटरचे कामच बंद पडले असेल, तर संगणकाला त्याच मालिकेतील एखादा पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, हाताने द्यावा. एवढ्यानेही दार उघडले नाही, तर मागील बारीक छिद्रातील रिसेटचे बटण यंत्र चालू असताना सुमारे दहा सेकंद दाबून धरावे. मात्र येथेच खरी मेख आहे. रिसेटने चुकीच्या सेटिंगबरोबर तिसरी किल्लीही पुसली जाऊ शकते. ती आधी लिहून घेतलेली नसेल, तर दुरुस्तीला निघालेला ग्राहक पूर्वीहून अधिक परावलंबी होतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत मालकी म्हणजे केवळ पैसे मोजणे नव्हे. वस्तूवर नियंत्रण ठेवता येणे हे तिचे मर्म आहे. किल्ली विक्रेत्याकडे राहिली की, सेवा असमाधानकारक असूनही ग्राहक दुसरीकडे जाण्यास कचरतो. जेथे सेवा देणारे मुळातच एक-दोन असतात, अशा तालुक्याच्या गावी उरलीसुरली स्पर्धाही त्यामुळे निष्प्रभ होते.

सामान्य माणसाच्या हाती किल्ली दिली तर तो बिघाड करील, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्यांश नाही असे नाही. परंतु विजेचा मेन स्विच आपल्या घरातच असतो. धोका आहे म्हणून तो कोणी वायरमनच्या घरी बसवीत नाही. जर्मनीत ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःच्या पसंतीचा राउटर लावण्याचा हक्क असून, त्यासाठी लागणारी जोडणीची माहिती करार करतानाच, न मागता, लेखी व विनामूल्य देणे कंपनीवर बंधनकारक आहे. त्याने तेथील व्यवस्था कोसळली नाही.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने माहिती मिळण्याचा हक्क मान्य केला आहे. त्याच्या आशयाला धरून, जोडणीच्या दिवशीच तिन्ही किल्ल्या मराठीतील एका चिठ्ठीवर लिहून देण्याचा नियम व्हावयास हवा. तोवर ग्राहकाने ती चिठ्ठी मागून घ्यावी आणि शिधापत्रिकेशेजारी जपून ठेवावी. दरमहा बिल भरणाऱ्याने एवढे मागणे ही याचना नव्हे, तो व्यवहार आहे.