माची आणि बालेकिल्ला

बास्केटबॉलचा संघ निवडावयाचा म्हटले की आपल्या शाळांतून पहिला हुकूम सुटतो तो उंचीप्रमाणे रांगेत उभे राहण्याचा. कडे जमिनीपासून १० फूट उंच. तेव्हा त्याची राखण उंच माणसानेच करावी, हा विचार वरवर पाहता चुकीचाही नाही. तथापि बचावाचा खरा भार कड्याखालच्या उंच खेळाडूवर असतो की पुढे धावणाऱ्या ठेंगण्या गार्डांवर, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आणि ज्यांची मुले शाळेच्या संघात खेळतात, त्या पालकांनी तरी तो एकदा नीट पाहावा.

उंचीच्या पक्षाचा सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे बिल रसेल. ६ फूट १० इंच उंचीचा हा अमेरिकन खेळाडू १९५६ साली बॉस्टनच्या संघात आला आणि १३ हंगामांत त्या संघाने ११ अजिंक्यपदे मिळवली. प्रतिपक्षाने कड्याकडे फेकलेला चेंडू तो थोपवी, आणि थोपवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेण्याऐवजी आपल्याच गड्याच्या हाती जाईल असा वळवी. मात्र रसेलचे गुणगान करणारे के. सी. जोन्सला विसरतात. ६ फूट १ इंचाचा हा गार्ड महाविद्यालयापासून रसेलचा जोडीदार. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकचे सुवर्णपदकही दोघांनी एकत्रच मिळवले, आणि त्या ११ पैकी ८ अजिंक्यपदांत जोन्सचा वाटा आहे.

परंतु कीर्ती उंचांच्याच वाट्याला येते. अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेत सर्वोत्कृष्ट बचावपटूचा पुरस्कार १९८३ साली सुरू झाला. पहिली दोन वर्षे तो सिडनी मॉनक्रीफ या गार्डला मिळाला खरा. पण १९९६ साली गॅरी पेटनला मिळाल्यानंतर पुन्हा एखाद्या गार्डच्या हाती, मार्कस स्मार्टच्या, तो पडण्यास २०२२ साल उजाडावे लागले. याचे कारण मला असे वाटते की थोपवलेला चेंडू सर्वांना दिसतो आणि मोजता येतो. गार्डने वाट अडविल्यामुळे जो चेंडू पुढे गेलाच नाही, त्याची नोंद कोणत्या वहीत करावयाची?

नियम पाहिले की ही गुंतागुंत उलगडते. चेंडू हाती आल्यावर ८ सेकंदांत मध्यरेषा ओलांडावी लागते आणि २४ सेकंदांत फेक करावी लागते. गार्डने पहिल्या टप्प्यापासून पाठपुरावा केला, तर यातला बराच वेळ प्रतिपक्षाच्या हातून निसटतो. उलट गार्ड चुकला की समोरचा खेळाडू थेट कड्याशी भिडतो. तेथे उंच खेळाडूला धावून जावे लागते आणि फाऊल त्याच्या नावावर लागतो. पाच फाऊल झाले की तो सामन्यातून बाद. म्हणजे दोष गार्डच्या पायांचा, शिक्षा मात्र कड्याखालच्या गड्याला! राजगडाचा बालेकिल्ला इतका दुर्गम, तरीही त्याच्याभोवती पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या तटबंदीने बांधून काढल्याच ना?

आता आमच्या नानाखेड्याकडे वळतो. संभागीय स्पर्धेसाठी मुलींचा १२ जणींचा संघ पाठवावयाचा आहे. ११ नावे ठरली. बाराव्या जागेसाठी आमचे क्रीडाशिक्षक अकरावीतल्या एका उंच मुलीचा आग्रह धरतात. माझ्या मनात नववीतली एक चिमुकली, पण पारध्यासारखी पाळत ठेवणारी मुलगी आहे. शालेय पातळीवर लांबून नेम साधणाऱ्या मुली थोड्या, सगळ्या कड्याकडेच धावतात; हा सरांचा मुद्दा मला मान्य आहे. परंतु याच पातळीवर चेंडूवरचा ताबाही कच्चा असतो, आणि कोणी अंगाशी चिकटून उभे राहिले की तो हातून सुटतो. जो चेंडू कड्यापर्यंत पोहोचतच नाही, तो अडविण्यासाठी उंचीचे काय काम?

त्या उंच मुलीची अडचण निराळीच आहे. ती बोलत नाही. गार्डची पाठ कड्याकडे असते. मागून कोण आडवे येऊन उभे राहिले, हे तिला दिसत नाही. सारे मैदान समोर दिसते ते कड्याखालच्या खेळाडूला. तिने "डावीकडे!" म्हणून मोठ्याने ओरडले पाहिजे. हुतूतूत कोपऱ्यावरच्याने पाय धरला आणि बाकीच्यांना वेळीच कळले नाही, तर चढाई करणारा त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो, तसेच हे. पण ज्या मुलीला घरात जन्मभर हळू बोल, खाली पाहून बोल, असेच शिकवले गेले, तिने भर मैदानात एकाएकी गर्जावे कसे? (ही शिकवण केवळ आमच्या शाळेतल्या घरांतच आहे, असे समजून कोणी निश्चिंत राहू नये.)

सरांना मी म्हटले, "नववीतलीला घ्या, आणि अकरावीतलीला उद्यापासून सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी कवायतीच्या आज्ञा द्यावयास उभी करा." त्यांनी मान हलवली, ती होकाराची की नकाराची, हे अद्याप समजलेले नाही. यादी सोमवारी जावयाची आहे.