कपाटाची किल्ली गुरुजींच्या हाती द्या!

जूनच्या अखेरीस विदर्भातील शाळा पुन्हा गजबजतील. पाठ्यपुस्तके, गणवेश आणि प्रवेशोत्सवाची तोरणे यांची तयारी नेहमीप्रमाणे होईल. परंतु चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील पहिली ते चौथीच्या मुलांनी वर्षभरात स्वतःच्या हातांनी काय करून पाहावयाचे, याची आखणी मात्र आमच्या पाहण्यात नाही. पहिल्या पानावरील ही जागा एरवी आम्ही राजकारणाच्या वादांस देतो. ती आज या मुलांस देत आहोत. प्रश्न जिवाचा आहे. ज्या गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाने दरवर्षी घरेच्या घरे अंथरुणास खिळतात, तेथील मूल ‘डासांमुळे हिवताप होतो’ हे वाक्य घडाघडा म्हणते. आणि शाळेच्याच मागच्या उघड्या टाक्यात वळवळणाऱ्या अळ्या म्हणजे तोच डास, हे त्यास ठाऊक नसते.

दोष मुलांचा नव्हे. केवळ गुरुजींचाही नव्हे. आम्ही स्वतः काही वर्षे हातात खडू धरून काढली आहेत. ज्या शाळेत आम्ही होतो तेथे प्रयोगसाहित्याची पेटी होती. पेटी कपाटात, कपाटास कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात! भिंग फुटले तर भरपाई आपल्या पगारातून होणार, या धास्तीने कोणीही त्या भिंगास ऊन दाखविले नाही. आम्हीही फळ्यावर भिंगाचे चित्र काढूनच भिंग शिकविले. या पापात आमचा वाटा आहे, हे कबूल केल्यावाचून पुढे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आमचे म्हणणे एवढेच की, वर्षाची आखणी दिनदर्शिकेवरून न करता रानावरून करावी. झाडीपट्टीत शाळा उघडतात तेव्हा धानाच्या पेरणीची गडबड चाललेली असते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकले की पोचट दाणे तरंगतात व भरीव दाणे तळाशी बसतात. घरी वडील जे करतात तेच वर्गात करून पाहण्याने वर्षाचा पहिला धडा होईल. तळाचे दाणे आणि वरचे दाणे निरनिराळ्या करवंट्यांत पेरावे व किती उगवले ते मुलांनीच मोजावे. सरळ काठांच्या बाटलीने पाऊस मोजावा आणि आकडा रोज भिंतीवर लिहावा.

श्रावण-भाद्रपदात डासाचा धडा घ्यावा. त्यावर आमचा विशेष भर आहे. बोडीतील अथवा टाक्यातील अळ्या काचेच्या बरणीत घेऊन तोंडास फडके घट्ट बांधावे. आठ-दहा दिवसांत अळीचा कोष व कोषाचा डास होताना मूल डोळ्यांनी पाहील. हिवतापाच्या डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर पडून राहते, इतर पुष्कळ डासांच्या अळ्या डोके खाली करून तिरप्या लोंबतात; हा भेद आठ वर्षांच्या मुलासही सहज कळतो. दुसऱ्या बरणीत गप्पी मासे सोडावे, म्हणजे अळ्यांचे काय होते ते निराळे सांगावयास नको. हे पाहिलेले मूल घरी जाऊन रांजण उपडा केल्याशिवाय राहणार नाही.

दिवाळीनंतर ओढ्याच्या वाळूतून लोहचुंबक फिरवावे. काळे कण चिकटले की सुरजागडच्या लोखंडाची गोष्ट सांगता येते. ऐनाच्या झाडावरील कोसा आहेच. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अंगणात एक मीटरची काठी उभी रोवावी. घड्याळात बारा वाजून दहा-बारा मिनिटे झाली असता तिची सावली सुमारे पंचाण्णव सेंटिमीटर भरेल व उत्तरेकडे पडेल. जूनअखेरीस ऊन मिळाले तर तीच सावली बोटभर उरते, आणि तीही दक्षिणेकडे! असे का, याचे उत्तर चौथीत मिळाले नाही तरी बिघडत नाही.

फाल्गुन-चैत्रात मोह गळू लागतो आणि पहाटेच आईबापांबरोबर फुले वेचावयास गेल्याने वर्ग ओस पडतात. हजेरीपत्रकावरील या लाल रेघांबद्दल गुरुजींस जाब विचारला जातो. आम्ही म्हणतो, फुले शाळेत आणू द्या. घरच्या तराजूत ओली फुले तोलावी, उन्हात वाळवावी आणि वजन रोज टिपावे. ओल्याचे वाळून किती उरते हे ज्या मुलीने स्वतः लिहून ठेवले, तिच्या घरच्यांस बाजारात फसविणे व्यापाऱ्यास तितकेसे सोपे जाणार नाही.

यात आम्ही नवे काही सांगत नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात वारली मुलांसाठी कुरणशाळा चालविली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणात नेली. होशंगाबादेत 1972 साली सोळा शाळांतून सुरू झालेला विज्ञानशिक्षणाचा उपक्रम तीस वर्षे चालला व 2002 साली सरकारी आज्ञेने बंद पडला. तो वरच्या वर्गांसाठी होता. पण शिक्षकांनी दर महिन्यास एकत्र बसून पुढचे प्रयोग आधी स्वतः करून पाहावे, ही त्याची रीत आपणांस घेता येण्याजोगी आहे. आपल्याकडे केंद्रनिहाय शिक्षण परिषदा भरतातच. तेथील वेळ परिपत्रके वाचण्यात न घालविता अळ्यांच्या बरण्यांत घातला तर काय बिघडेल?

भाषेचा अडसर खरा आहे. भामरागड-एटापल्लीकडील मूल माडिया बोलत येते आणि पुस्तक मराठी बोलते. परंतु बरणीतील अळीस भाषा लागत नाही. आधी वस्तू हातात, मग तिचे माडिया नाव आणि त्यानंतर मराठी, हा क्रम ठेवावा. पाखरांची व झाडांची नावे सांगावयास गावातील वृद्ध माणसास सन्मानाने वर्गात बसवावे. त्या विषयात गुरुजींनी त्याचे विद्यार्थी होण्यास लाजू नये.

‘राष्ट्रीय विज्ञानदिनी प्रदर्शन भरविले जाते, आणखी काय हवे?’ असे अधिकारी विचारतील. 28 फेब्रुवारीस पाहुण्यांपुढे थर्माकोलचा ज्वालामुखी पेटविणे यास आम्ही विज्ञान म्हणण्यास तयार नाही. ‘शिक्षकांस वेळ कोठे आहे?’ हा आक्षेप मात्र सबळ आहे. दोन शिक्षकांवर चार वर्ग आणि त्यावर माहितीचे तक्ते भरण्याचे ओझे! आठवड्यातून एक दुपार तरी या कामांतून त्यांस मोकळे केलेच पाहिजे. विस्तव आणि साप यांच्या वाटेस लहान मुलांस नेऊ नये, हेही जाता जाता बजावून ठेवतो.

खर्च म्हणाल तर बरण्या, फडकी, सुतळी, एक चुंबक आणि चार भिंगे. दोन्ही जिल्हा परिषदांनी शाळा उघडण्यापूर्वी प्रत्येक केंद्राकडून वर्षाची अशी आखणी मागवावी आणि सोबत दोन ओळींचा आदेश काढावा : कपाटाची किल्ली वर्गशिक्षकाकडे राहील, भिंग फुटल्यास नोंद करावी, वसुली करू नये.