पहिली बॅट घेताय? आधी बॉल कुठला, ते ठरवा

भाताची झोडणी उरकली, खाचरं मोकळी झाली, की डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांत पिचं उमटायला लागतात. चार पोरं फावडं घेऊन ढेकळं फोडतात, पाणी मारतात, कुणीतरी घरून चुना आणतं आणि दोन दिवसांत स्पर्धेचा बॅनर नाक्यावर लागतो. याच दिवसांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या हातात थोडे पैसेही असतात. दिवाळीच्या सुट्टीत कुणी बोईसरला कंपनीत राबलेलं असतं, कुणी उंबरगाव-वापीला, कुणी चिकूच्या वाडीत. त्या पैशांतून आयुष्यातली पहिली स्वतःची बॅट घ्यायची, हे मनात वर्षभर घोळत असतं.

घ्या की. पण दुकानात शिरण्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर स्वतःला द्या: तुम्ही खेळणार कुठल्या बॉलवर?

गोल्फ खेळणाऱ्यांचं बरं असतं. त्यांना नियमाने पिशवीत 14 काठ्या ठेवता येतात. लांब मारायला एक, वाळूतून काढायला एक, भोकात ढकलायला एक. तिथेही नवख्याला जाणकार हेच सांगतात की सगळा सेट घेऊ नकोस, मधली एखादी सात नंबरची आयर्न घे आणि तिच्यावर हात बसव. आपल्याकडे मात्र एकच बॅट, आणि तिने सगळं करायचं. टेनिस, लेदर, अंगणातला रबरी बॉल, झालंच तर मांडवासाठी खुंट्या ठोकणं. इथेच घोटाळा होतो.

आकडेच बघा. साधा टेनिस बॉल 56 ते 59 ग्रॅमच्या आसपास भरतो. पुरुषांच्या सामन्यातला लेदर बॉल 156 ते 163 ग्रॅमचा. म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट जड, वर दगडासारखा टणक. टेनिसच्या बॅटी म्हणूनच हलक्या करतात. मागून खरवडून, स्कूप काढून, लाकूड कमी करून. बॉल हलका आहे, हात वेगात फिरला पाहिजे, एवढंच तिचं काम. त्या बॅटवर लेदर बॉल बसला, की कधी कड उडते, कधी तळ फुटतो, कधी दांड्यापाशी चीर जाते. उलटं केलं, म्हणजे लेदरची जाड बॅट घेऊन टेनिस खेळलात, तर ती लगेच तुटेल असं नाही. पण शेवटच्या ओव्हरमध्ये हात उशिरा येईल आणि बॉल कीपरच्या हातात जाईल.

तर सरळ सांगायचं तर ज्यांना गावच्या स्पर्धाच खेळायच्या आहेत, त्यांनी टेनिसची चांगली बॅट घ्यावी आणि त्यात कमीपणा मानू नये. ज्यांना कॉलेजच्या टीममध्ये जायचंय, आंतरमहाविद्यालयीन सामने खेळायचेत, त्यांनी लेदरची घ्यावी. 'दोन्हीला चालेल' म्हणून दुकानदार जी बॅट पुढे करतो, ती बहुतेक वेळा दोन्हीला अर्धवट चालते.

आता लाकूड. काश्मीर विलो आणि इंग्लिश विलो, ही नावं तुम्ही ऐकलेली असतात. काश्मीर विलो तिकडे अनंतनागजवळ, जम्मू-श्रीनगर हायवेच्या कडेला संगम, हालमुल्ला या गावांत घडते. लाकूड जरा टणक, जड, पण दणकट आणि खिशाला परवडणारं. इंग्लिश विलो मऊ आणि तंतुमय, बॉल तिच्यावरून उडतो. इंग्लंडहून लाकडाचे ठोकळे येतात आणि मेरठ-जालंधरचे कारागीर त्यांच्या बॅटी करतात. काश्मीर विलोची बऱ्यापैकी बॅट दोन-तीन हजारांच्या आसपास येते, इंग्लिश विलोला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. पहिल्या बॅटीला इंग्लिश विलो नको, हे माझं स्पष्ट मत. पैसे नाहीत म्हणून नव्हे. शिकताना बॉल मधोमध बसतो त्याहून जास्त वेळा कडेवर आणि तळावर बसतो, आणि मऊ लाकडाला तेच सोसत नाही.

पात्यावरच्या उभ्या रेघा मोजत बसू नका. जास्त रेघा म्हणजे जास्त भारी बॅट, असं सर्रास सांगितलं जातं. जास्त रेघांची बॅट लवकर खुलते आणि साधारणपणे लवकर थकते. कमी रेघांची उशिरा खुलते, पण टिकते. ग्रेड वन, ग्रेड टू हे बरंचसं लाकूड दिसायला किती स्वच्छ आहे त्यावर ठरतं. मोठ्या खेळाडूच्या बॅटवरचा स्टिकर तर विसराच. तो स्टिकर जाहिरातीच्या कराराचा असतो, खालची बॅट भलत्याच कारखान्यातून आलेली असू शकते.

खरा मुद्दा आहे वजनाचा. इथे जरा सावकाश वाचा.

पोरं दुकानात जातात आणि सगळ्यात जाड कडेची बॅट उचलतात. जाड कड म्हणजे लांब सिक्स, असं डोक्यात बसलंय. 2017 च्या ऑक्टोबरपासून कडेवर नियमानेच बंधन आहे: कड 40 मिलिमीटर, जाडी 67 मिलिमीटर, रुंदी 108 मिलिमीटर, याच्या पुढे नाही. पण बंधनातली बॅटसुद्धा तुमच्या मनगटाला जड असू शकते. सचिन तेंडुलकर तीन पौंडांहून जड, म्हणजे 1360 ग्रॅमच्या वरची बॅट वापरायचा हे खरं. त्याच्यासारखी मनगटं आणि लहानपणापासूनचा तसा सराव असेल, तर तुम्हीही घ्या. नसेल, तर लेदरसाठी 1130 ते 1180 ग्रॅम पुरे. जड बॅट खाली यायला उशीर करते, खेळाडू मग हाताने ओढायला लागतो, कोपर बाहेर जातं, आणि ती सवय पुढे कुठल्याच कोचला सहजी मोडता येत नाही. वर मनगट आणि कंबर दुखते ती वेगळीच.

काट्यावरचा आकडासुद्धा पुरा सांगत नाही. सारख्याच वजनाच्या दोन बॅटींपैकी एक हाताला हलकी लागते, दुसरी जड, कारण लाकूड कुठे जास्त ठेवलंय त्यावर तोल ठरतो. म्हणून दुकानात हे करा. उजव्या हाताने खेळत असाल तर नुसत्या डाव्या हाताने, म्हणजे दांड्यावर वर असणाऱ्या हाताने, बॅट धरा आणि सरळ ड्राइव्हसारखी दहा वेळा फिरवा. सातव्या-आठव्या वेळी पातं वाकडं व्हायला लागलं, तर ती बॅट तुमची नाही. दुकानदार हसेल. हसू द्या.

मापाचंही तसंच. सगळ्यांना शॉर्ट हँडल द्यायची पद्धत पडून गेलीये. साधारण हिशेब असा, की सव्वापाच फुटांपर्यंत उंची असेल तर सहा नंबर, त्यापुढे साडेपाच फुटांपर्यंत हॅरो आणि त्याहून उंच असाल तर शॉर्ट हँडल. कंपनीगणिक इंच-दोन इंच इकडेतिकडे. मुलींनी तर हे आवर्जून बघा. कॉलेजात मुलींची टीम उभी राहते तेव्हा मुलांच्या वापरलेल्या बॅटी त्यांच्या हातात येतात, आणि मग 'मुलींना लांब मारता येत नाही' असं तेच म्हणतात. महिलांचा लेदर बॉलसुद्धा 140 ते 151 ग्रॅमचा असतो, पुरुषांच्या बॉलपेक्षा हलका. मग बॅट का मोठी?

आणखी एक गोष्ट, आपल्या भागाची. पात्याचा फुगवटा कुठे आहे ते बघा. खाचरातल्या पिचवर बॉल उसळत नाही, गुडघ्याखालीच राहतो. तिथे फुगवटा खाली असलेली बॅट उपयोगाची. मॅटिंगवर बॉल उसळतो. तिथे फुगवटा थोडा वर हवा. कॉलेजच्या मैदानावर काय टाकतात, ते आधी विचारून घ्या.

बांबूचं काय, असं कुणी विचारेल. इथल्या हातांना बांबू नवा नाही. 2021 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी बांबूची बॅट करून पाहिली. विलोपेक्षा ताठ निघाली आणि बॉल चांगला उडाला. पण क्रिकेटच्या नियमात पातं फक्त लाकडाचं हवं असं आहे आणि बांबू हे शास्त्राने गवत. तेव्हा सामन्यात चालत नाही. घरच्या अंगणात कोण अडवतंय!

समजा बॅट घेतली. लेदरची असेल तर लगेच नव्या बॉलसमोर नेऊ नका. कच्चं जवसाचं तेल घ्या. खाण्याचं तेल नको आणि उकळलेलं जवसाचं तेलही नको. चमचाभर कापडावर घेऊन पात्याला, कडांना आणि तळाला पातळ पुसा. दांडा पात्यात बसवलाय तो जोड आणि स्टिकर सोडून. एक दिवस आडवी ठेवा. असं दोनदा, फार तर तीनदा. तेलात बुडवलेली बॅट फक्त जड होते. पातं गुळगुळीत झाकलेलं असेल, म्हणजे वर कव्हर चिकटवलेलं असेल, तर तेल फक्त उघड्या लाकडाला. मग लाकडी हातोडी, नाहीतर मोज्यात घातलेला जुना लेदर बॉल घेऊन ठोका. सुरुवातीला हळू, मग जोर वाढवत, कडा तिरक्या ठोकत. सगळं मिळून पाच-सहा तास लागतात. रोज अर्धा-पाऊण तास केलं तर आठवड्याभरात होतं. घरचे वैतागतील, पाड्याच्या बाहेर बसा. काश्मीर विलोलाही हे लागतं. 'रेडी टू प्ले' असा शिक्का असला तरी लागतं.

समुद्राकाठी राहणाऱ्यांसाठी: डहाणू-बोर्डीच्या दमट हवेत आणि ओल्या पिचवर टेकवून टेकवून बॅटीचा तळ पाणी पितो आणि फुगतो. तळाला रबरी टो-गार्ड चिकटवून घ्या. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी धरते. पत्र्यावर उन्हातही टाकू नका, तडकते.

आता जे सांगायला हे सगळं लिहिलं, ते. लेदर खेळायचं ठरवलं असेल तर पहिला खर्च बॅटीचा नाही. पहिला खर्च हेल्मेट, ग्लोव्ह्ज, पॅड आणि गार्डचा. टेनिसवर वाढलेल्या पोरांना बॉलची भीती नसते, आणि तीच अडचण आहे. 1998 मध्ये ढाक्यात रमण लांबा हा भारताकडून खेळलेला फलंदाज शॉर्ट लेगला विनाहेल्मेट उभा होता. बॉल डोक्याला लागला आणि तो वाचला नाही. क्लबचाच सामना होता. आपल्या तालुक्यातल्या मैदानापासून डोक्याच्या दुखापतीवर उपचार करणारं मोठं हॉस्पिटल किती तासांवर आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. बॅट जुनी घ्या, मित्राची मागून घ्या, काही बिघडत नाही. हेल्मेट मात्र जुनं घेऊ नका, कारण एकदा जोरात बॉल लागलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसतं आणि आतून निकामी झालेलं असतं. आतल्या लेबलवर बीएस 7928:2013 हे मानक लिहिलंय का, ते वाचा.

पण हे सगळं एका पोराने किंवा पोरीने घेणं परवडत नाही, हेही तितकंच खरं. मग इथला खेळाडू पुढे जायचाच नाही का? पालघरच्या शार्दूल ठाकूरचं नाव सगळे घेतात. 2021 च्या जानेवारीत ब्रिस्बेनला आठव्या नंबरवर येऊन त्याने 67 धावा केल्या आणि सामन्यात 7 विकेट घेतल्या. तो किटबॅग घेऊन पालघरहून रेल्वेने मुंबई गाठायचा, हेही सगळे सांगतात. त्या गोष्टीतला दुसरा भाग कमी सांगितला जातो. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत आणलं आणि आपल्या घरी ठेवून घेतलं. कुणीतरी भार उचलला. आज लोकल डहाणूपर्यंत येते, पालघर-डहाणू तालुका स्पोर्ट्स असोसिएशनसारखी मुंबई क्रिकेटशी जोडलेली संस्था आपल्या दारात आहे. पण तलासरीच्या आतल्या पाड्यावरून जीप बदलत येणाऱ्या पोराला स्टेशन गाठायलाच पहाटे निघावं लागतं, आणि वर आठ-दहा हजारांचं किट त्यानेच घ्यायचं म्हटलं तर तो टेनिसवरच थांबणार.

इथे कॉलेजने उभं राहायला हवं. प्रवेशाची पावती काढा आणि बघा. बहुतेकांच्या पावतीवर जिमखाना शुल्क ही ओळ असेल. ते पैसे तुम्ही, किंवा तुमच्या वतीने सरकारने, भरलेले आहेत. त्यातून वर्षाला एखादा चषक आणि गॅदरिंगच्या दिवशी रस्सीखेच एवढंच होत असेल, तर विचारा. टीमसाठी चार चांगली हेल्मेटं, दोन मापांचे पॅड, डावखुऱ्यांसाठी वेगळे ग्लोव्ह्ज, एक शॉर्ट हँडल आणि एक हॅरो बॅट, आणि मुलींसाठी वेगळी बॅग. एवढी सामायिक किटबॅग घेणं कॉलेजला जड नाही. गार्ड तेवढा प्रत्येकाने आपापला घ्यावा, तो वाटून घ्यायची वस्तू नाही.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, क्रीडा विभागाच्या सरांमार्फत. वस्तूंची यादी मापांसकट लिहा, दोन दुकानांची कोटेशनं जोडा, शक्य तेवढ्या खेळाडूंच्या सह्या घ्या आणि मुलींच्या सह्या विसरू नका. एका प्रतीवर आवक-शिक्का मारून ती जवळ ठेवा. हे आत्ताच करा, कारण नवीन वर्ष उजाडलं की सगळे परीक्षेत आणि गॅदरिंगमध्ये अडकतात आणि मार्च संपला की उरलेला निधी भलतीकडे वळतो.