समुद्रतळाला नागमोडी रेघ हवी

शाळेच्या भिंतीपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत समुद्रतळ सर्वत्र सारख्याच आत्मविश्वासाने रंगवलेला दिसतो. येथे दरी, तेथे डोंगररांग. कोठेही शंकेला जागा नाही. वस्तुस्थिती अशी की, २०२५ च्या मध्यापर्यंत आधुनिक निकषांनुसार प्रत्यक्ष मोजलेला तळ जेमतेम २७ टक्के होता. उरलेला बव्हंशी अनुमानलेला आहे. या अनुमानाला आमचा विरोध नाही. ते मोजमापाच्या वेषात मिरवते, याला आहे.

मोजणीही विषम आहे. जहाजांच्या रुळलेल्या वाटांवर मोजमापांची दाटी, तर दक्षिणेकडील महासागरांत दोन वाटांमध्ये विस्तीर्ण पोकळी. ती भरण्यासाठी उपग्रहांचा आधार घेतात. बुडालेल्या डोंगराच्या गुरुत्वाकर्षणाने वरचे पाणी किंचित फुगते. त्या फुगवट्यावरून खोली ताडतात. स्मिथ आणि सँडवेल यांनी १९९७ मध्ये या मार्गाने जगाच्या समुद्रतळाचा नकाशा सिद्ध केला. काम थोरच आहे. परंतु लहान टेकड्या या पद्धतीच्या जाळ्यातून निसटतात. मग गणिती सूत्र दोन मोजमापांमध्ये एक गुळगुळीत उतार ओढते, आणि तो गुळगुळीतपणा निसर्गाचा म्हणून खपतो.

याची किंमत कोणी तरी मोजतोच. ८ जानेवारी २००५ रोजी ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही अमेरिकी पाणबुडी ग्वामच्या आग्नेयेस पाण्याखालच्या डोंगरावर आदळली; एक नौसैनिक मृत्युमुखी पडला. वापरातील तक्त्यावर तो डोंगर नव्हता. बोटीवरच्याच अन्य तक्त्यांत त्या परिसरात धोक्याची खूण होती. पुढे २०१४ मध्ये मलेशियाचे एमएच ३७० विमान बेपत्ता झाले, तेव्हा हिंदी महासागराच्या तळाशी शोध घेण्याआधी तो तळच नव्याने मोजावा लागला.

‘अंदाज वगळले तर नकाशाच उरणार नाही,’ असे यावर म्हटले जाईल. वगळा असे आम्ही म्हणतच नाही. नुसती कोरी जागाही फसवी असते, कारण वाचणारा तिला निर्धोक समजतो. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. जेथे पाठ निश्चित नाही, तेथे संपादकांनी अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. त्या रेघेने ग्रंथाचे मोल घटले नाही. उलट रेघ नसलेल्या पाठावर विसंबता आले.

जेब्को हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प कोणता चौकोन मोजलेला आणि कोणता अनुमानलेला, याची स्वतंत्र नोंद आपल्या नकाशासोबत देतो. म्हणजे रेघ उपलब्ध आहे. ती पुसतात ते नकाशा उचलून छापणारे, सुबक निळाईच्या मोहापायी. आमची मागणी एवढीच आहे: समुद्रतळाचा जो नकाशा आपले अज्ञान दाखवत नाही, त्याला चित्र म्हणावे, नकाशा म्हणू नये.