देखाव्याचा जमाखर्च

श्रावण सुरू झाला की मंडई परिसरातील पेढ्यांवर पावतीपुस्तके घेतलेली मुले दिसू लागतात. बहुतेक महाविद्यालयात शिकणारी असतात. "काका, यंदा देखावा मोठा आहे," असे ती सांगतात. आपण वर्गणी देतो, पावती खणात टाकतो आणि विषय तेथेच संपतो. त्या पावतीच्या पुढचे थोडे आज सांगावयाचे आहे.

१८८६ साली पूर्ण झालेली मंडईची अष्टकोनी वास्तू आरंभी रे मार्केट म्हणून ओळखली जाई. नगरपालिकेत असताना महात्मा फुले यांनी या खर्चास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा, असे त्यांचे मत होते. पुढे मंडईला त्यांचेच नाव देण्यात आले. सार्वजनिक पैसा कशावर खर्चावा, हा प्रश्न या जागेला असा जन्मापासूनच चिकटलेला आहे.

याच मंडईतील लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यापासून विसर्जन मिरवणूक निघते. मानाचे पाच गणपती पुढे असतात. अखिल मंडई मंडळाच्या शारदा-गजाननाच्या सजवलेल्या रथाची तर लोक आतुरतेने वाट पाहतात. लक्ष्मी रस्त्याने अलका चौकापर्यंतचे अंतर फार नाही, पण मिरवणूक पूर्ण होण्यास चोवीस तासांहून अधिक वेळ लागतो. एवढा काळ उभा राहणारा, थांबत-धक्के खात चालणारा गाडा बांधणे हे सजावटीपेक्षा बांधकामाचेच काम आहे.

हे मला उशिरा उमजले. बँकेत असताना मी गल्लीतील एका लहान मंडळाचा खजिनदार होतो. त्या वर्षी ट्रॉलीवर समुद्रमंथन उभारायचे ठरले. वेल्डरने सांगाड्याला आणखी आडव्या पट्ट्या मागितल्या आणि मापाचा बांबू घेऊन कोणीतरी सगळा मार्ग चालून यावे, असेही सुचविले. मी अंदाजपत्रकावर नजर फिरविली आणि पट्ट्यांचा खर्च 'किरकोळ' समजून कापला. मार्गाचे माप तर कोणी घेतलेच नाही. रोषणाईची रक्कम मात्र तशीच ठेवली, कारण ती लोकांना दिसणार होती.

मिरवणुकीच्या रात्री एका वळणावर मंदार पर्वताचे शिखर तारेत अडकले. एक मुलगा बांबूने तार उचलण्यासाठी वर चढला. सांगाडा हलला आणि तो खाली आला. खालच्या दोघांनी त्याला झेलले, तरी मनगट मोडलेच. तार टेलिफोनची होती. विजेची असती तर काय झाले असते, हा विचार आजही मला झोपू देत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. मंडईत भाजीचा गाळा होता त्यांचा. तक्रारीचा एक शब्द नाही. जाताना सहज म्हणाले, "साहेब, हिशेब लागला ना बरोबर?" पैशापैशाचा ताळा जमला होता. तरीही मला उत्तर देता आले नाही.

तेव्हापासून मी मुलांना सांगतो, आराखडा उलट्या बाजूने करा. आधी मार्गावरची सर्वांत खालची तार, फांदी आणि सर्वांत अरुंद वळण मोजा. रस्त्यापासून शिखरापर्यंतची उंची त्याहून कमी ठेवा. वजन खाली असू द्या. विजेची जोडणी जाणकाराकडूनच करून घ्या, आग विझवण्याचे साधन हाताशी ठेवा. थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे. बांबू, कापड, कागदाचा लगदा यांतूनही उत्तम आकार उभे राहतात. आणि खर्चाच्या यादीत सांगाडा, माणसे व विमा यांचे आकडे सर्वांत वर लिहा. काटछाट करायचीच असेल तर ती तळाच्या रोषणाईत करा.

आपण देणाऱ्यांचेही कर्तव्य आहे. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतली आहे का, हे विचारावे. उत्सवानंतर जमाखर्च मागावा. आपल्या पेढीवर एका रुपयाची तफावत आपण खपवून घेत नाही; मग येथेच संकोच का?

यंदा पावतीपुस्तक दारात येईल तेव्हा हसतमुखाने वर्गणी द्या. मात्र पावती खणात टाकण्यापूर्वी त्या मुलाला एवढेच विचारा, "सांगाडा कोणी तपासला?"